मदत हवी आहे: देव्हाऱ्याच्या बारीक सागवानी पट्ट्यांसाठी पिन गन कोणती घ्यावी?

नमस्कार मंडळी,

रत्नागिरी तालुक्यात आमचा सुतारकामाचा छोटा कारखाना आहे. बाबा आणि मी मिळून चालवतो. मुख्य काम सागवानी देव्हाऱ्यांचं. त्याच्या जोडीला काचेच्या दारांची कपाटं, शोकेस, कुणाच्या जुन्या कपाटाला नवीन दारं असं काहीबाही चालू असतं. सांगाड्याचे सांधे आम्ही खाच पाडून, फेविकॉल लावून, लाकडी खुंटी मारूनच करतो. त्यात काही बदलायचं नाही. माझा प्रश्न शेवटच्या टप्प्याचा आहे, म्हणजे पट्ट्यांचा.

देव्हाऱ्याच्या पुढच्या चौकटीला आतून एक बारीक पट्टी फिरते. जाडी ५ मिमी, रुंदी १२ मिमी, चारही कोपऱ्यांत ४५ अंशात मिळते. प्लायच्या फळ्यांच्या उघड्या कडांना ६ मिमीची सागवानी पट्टी लागते. आणि काचेच्या दारांत काच धरून ठेवायला मागच्या बाजूने आणखी एक. बाबा हे सगळं आजवर हाताने करत आले. बारीक खिळ्याचं डोकं पक्कडीने तोडायचं, तोच खिळा ड्रिलला लावून पट्टीत भोक पाडायचं, मग ठोकायचा आणि सुंब्याने आत घालायचा. काम अतिशय सुबक होतं. पण त्यात वेळ फार जातो, आणि बाबांच्या डोळ्यांना आता ते झेपत नाही.

हवेच्या दाबावर खिळे मारणारी १८ गेजची एफ-३० गन आमच्याकडे आहे (गेजचा आकडा जितका मोठा, तितका खिळा बारीक). कपाटाची मागची प्लाय, ड्रॉवरचे डबे, आतले टेकू यांना ती उत्तम चालते. पण ५ मिमीच्या पट्टीवर तिचा उपयोग नाही. कोपऱ्याच्या जवळ मारली की पट्टी रेषेत उभी चिरते. मधे मारली तर चिरत नाही, पण डोक्याचा खड्डा पडतो, जवळपास २ मिमी लांब आणि सव्वा मिमी रुंद. तो सागाचा भुसा आणि फेविकॉल कालवून भरला तरी लपत नाही, कारण फेविकॉल सुकलेल्या जागेत पॉलिश मुरतच नाही. पहिल्या हाताला तो ठिपका जेमतेम जाणवतो, दुसऱ्या हाताला आजूबाजूचं लाकूड गडद होतं आणि ठिपका फिकाच राहतो. गिऱ्हाईक देव्हारा घरी नेतं, समोर निरांजन लावतं, आणि बाजूने येणाऱ्या त्या उजेडात चौकटीवरचा एकेक ठिपका मोजता येतो. कपाटाच्या आत असं चालून जाईल, पण ज्याच्यासमोर माणूस रोज दहा मिनिटं बसून बघणार आहे त्या वस्तूवर मला ते नको आहे.

म्हणून २३ गेजच्या पिन गनचा विचार चालू आहे. पिन साधारण ०.६ मिमीची, डोकं नसलेली, आणि भोक जवळजवळ दिसत नाही, एवढं मला कळलं आहे. पुढचं ठरत नाहीये. दुकानात विचारलं तर एक जण पी-६३० नावाची साधी गन दाखवतो, दुसरा म्हणतो बॅटरीवरची घ्या, कॉम्प्रेसरची कटकटच नको. आमच्याकडे १ एचपीचा, २४ लिटर टाकीचा कॉम्प्रेसर आहे. तो पुरेल का? ३० मिमीपर्यंतची गन बास होईल की ५० मिमीची घ्यावी? वाळलेल्या सागात पिन सरळ जाते का? डोकंच नाही तर पट्टी धरून ठेवते तरी कशी, की वर्षभराने निसटते? आणि आमच्याकडे पावसाळ्यात हवेत इतकी ओल असते की साधा खिळा पाकिटात गंजतो, तर या पिनांचं काय होणार?

बजेट दहा हजारांच्या आसपास. चांगल्या कारणासाठी थोडं ताणता येईल. ज्यांनी स्वतः वापरली आहे त्यांनी जरूर लिहावं.

प्रतिसाद (पुणे)

ताई, आधी धरून ठेवण्याचं बोलतो, कारण बाकीचं सगळं त्यावर ठरतं. २३ गेजची पिन पट्टी धरून ठेवत नाही. ती धरतो फेविकॉल. पिनेचं काम एवढंच की फेविकॉल सुकेपर्यंत पट्टी जागची हलू द्यायची नाही. हे मान्य असेल तर पिन गनसारखं हत्यार नाही. नुसत्या पिनेवर काही टांगून ठेवायचं असेल तर घेऊ नका, सरळ ओढली की पट्टी पिनेवरून सुटून हातात येते. थोडी पकड हवी असेल तर शेजारशेजारच्या दोन पिना एकमेकींकडे तिरक्या मारायच्या, मग सरळ ओढून सुटत नाही.

तेव्हा सगळं लक्ष चिकटण्यावर द्या. सागात तेल असतं. रंधलेली पट्टी चार दिवस पडून राहिली की तेल वर येतं आणि फेविकॉल वरच्या वर सुकतो. चिकटवायच्या आधी त्या बाजूला एक हलका पॉलिश पेपर मारा किंवा थिनरच्या फडक्याने पुसा, थिनर उडाला की लगेच चिकटवा. कोकणात असाल तर पाण्याला टिकणारा, मरीन प्रकारचा फेविकॉलच वापरा.

लांबीचा माझा हिशेब: पट्टीच्या जाडीच्या अडीच ते तीन पट. ५-६ मिमीच्या पट्टीला १५ किंवा १८ मिमीची पिन भरपूर. प्लायच्या कडेत मारताना २५ घ्या, कारण तिथे पिन थरांच्या मधे शिरते आणि पकड कमी मिळते. यापेक्षा लांब पिन तुमच्या कामात फक्त त्रास देईल. इतकी बारीक तार कठीण लाकडात जितकी लांब जाईल तितकी वाकायची शक्यता जास्त. ५० मिमीची गन दारांच्या मोठ्या चौकटींसाठी असते. तुम्हाला ३० किंवा ३५ ची पुरे.

आणि हो, सागात सरळ जाते का, तर बहुतेक वेळा जाते. गाठीजवळ किंवा रेषा जिथे वळते तिथे रेषेच्या मागे जाते आणि बाजूने बाहेर पडते. पट्टी धरलेलं बोट पिनेच्या लांबीपेक्षा नेहमी लांब ठेवायचं. १८ मिमीची पिन असेल तर बोट निदान दोन इंच लांब. पिन दिसतच नाही, बोटात शिरल्यावर कळते. चश्माही लावा.

प्रतिसाद (नाशिक)

कॉम्प्रेसर पुरेल का या प्रश्नाचं उत्तर: आरामात पुरेल. पिन गनला हवा अगदी थोडी लागते. तुमची २४ लिटरची टाकी एकदा भरली की मोटर पुन्हा सुरू व्हायच्या आत तुमची एका बाजूची चौकट मारून झालेली असेल. लाइट गेली तरी टाकीतल्या हवेवर बराच वेळ काम चालतं, हा आपल्याकडे मोठा फायदा आहे. त्यामुळे कॉम्प्रेसर आधीच असताना बॅटरीची गन घ्यायला मी सांगणार नाही. बॅटरीची गन दीड-दोन किलोची असते, हवेची एक किलोच्या आत. देव्हाऱ्याच्या आत हात घालून कोपऱ्यात मारताना हा फरक मनगटाला कळतो. शिवाय बॅटरीच्या गनचं डोकं मोठं, त्यामुळे नेमकी पिन कुठे जाणार ते नीट दिसत नाही. साइटवर शिडीवर चढून काम करणाऱ्याला बॅटरी बरी. तुमचं काम टेबलावरचं आहे.

हवेचा दाब ६० पीएसआयपासून (पौंड प्रति चौरस इंच) सुरू करा, टाकाऊ सागाच्या तुकड्यावर मारून बघा आणि पाच-पाचने वाढवा. पिन पृष्ठभागाच्या किंचित खाली गेली की थांबा. सागाला साधारण ८० च्या आसपास बसेल. एमडीएफवर (लाकडाचा लगदा दाबून केलेल्या फळीवर) त्याच दाबाला पिन खोल बुडते, म्हणून लाकूड बदललं की दाब परत बघायचा.

पावसाळ्याचं मात्र गांभीर्याने घ्या. टाकीत पाणी साठतं. रोज काम संपलं की खालचा नळ उघडून काढायचंच. तरी थोडी ओल हवेबरोबर येते, म्हणून गनच्या आधी पाणी अडवणारा फिल्टर आणि दाब कमी-जास्त करणारा रेग्युलेटर एकत्र येतो तो लावा. नाहीतर गनच्या मागून उडालेला पाण्याचा फवारा तुमच्या कोऱ्या सागावर बसतो. तेलाचंही तसंच. बऱ्याच गनना रोज दोन-तीन थेंब तेल घालावं लागतं आणि पहिल्या काही फटक्यांत ते बाहेर उडतं. पॉलिशच्या आधी तेलाचा डाग पडला तर तिथे पॉलिश बसत नाही. तेल घातल्यावर आधी रद्दी लाकडावर आठ-दहा पिना मारायच्या आणि मगच कामाला लावायची. विना-तेलाच्या गनही येतात, बजेटमध्ये मिळाली तर तीच घ्या.

गंजाचं: साध्या पिनांवर गॅल्व्हनाइझचा थर असतो, पण टोकाला आणि कापलेल्या जागी लोखंड उघडं राहतं. समुद्राजवळ स्टेनलेस स्टीलच्या पिना घ्या, २३ गेजमध्ये मिळतात. गंजापेक्षा मोठी अडचण काळ्या डागाची. लाकडातलं टॅनिन (तुरट द्रव्य), लोखंड आणि ओल एकत्र आले की पिनेभोवती निळसर काळं वर्तुळ उठतं. बाभळीला हे फार होतं, सागाला त्यामानाने कमी, पण देव्हाऱ्यावर रोज पाणी, ओलं फूल, अभिषेक हे सगळं आलंच. तिथे लोखंड नकोच.

प्रतिसाद (न्यू जर्सी)

इथे घराच्या आतल्या पट्ट्यांचं काम मी हौसेने करतो, त्यामुळे वापरलेल्या आणि हाताळलेल्या गनबद्दल लिहितो. मकिताची एएफ-३५३ ही हवेवरची गन ३५ मिमीपर्यंतच्या पिना मारते, वजनाला एक किलोच्या आत आणि नाक निमुळतं. त्यामुळे पिन नेमक्या जागी ठेवता येते. ग्रेक्सची पी-६३५ याच लांबीची. तिचं मॅगझिन, म्हणजे पिना भरायचा कप्पा, वेगवेगळ्या लांबीच्या पिना आपोआप जुळवून घेतं, आणि पिना संपल्या की ट्रिगर अडतो. हे शेवटचं फार उपयोगी आहे. २३ गेजच्या पिनेचा आवाज आणि धक्का इतका कमी असतो की गन रिकामी झालेली लक्षात येत नाही, आपण मारत राहतो, आणि नंतर बघतो तर अर्ध्या पट्टीत पिनाच नाहीत. रिकामी गन मारून आतलं पिन ठोकणारं बारीक पातंही खराब होतं. ग्रेक्सची पी-६५०एल आणि सेन्कोची २३ गेजची गन ५० मिमीपर्यंत जातात. बॅटरीच्या रायोबी आणि मिलवॉकी दोन्ही चांगल्या आहेत, पण वर नाशिकच्या मित्राने म्हटलंय तेच मीही म्हणेन: तुमच्याकडे कॉम्प्रेसर आहे.

कुणी नातेवाईक इकडून गन आणणार असेल तर दोन गोष्टी ध्यानात ठेवा. बॅटरीच्या गनचा इथला चार्जर १२० व्होल्टचा, तो भारतात थेट लावता येत नाही. आणि हवेच्या गनच्या तोंडाला इथे पाव इंची एनपीटी (अमेरिकन मापाचे) आटे असतात, तुमच्याकडे बीएसपी (ब्रिटिश मापाचे). एनपीटीला इंचात १८ आटे, बीएसपीला १९. दोन फेरे बसतात, म्हणून माणसाला वाटतं बसलं, आणि मग आवळताना आटे जातात. कन्व्हर्टर निपल मिळतं, तेच लावा.

एक सांगतो, ब्रँडच्या आधी पिना बघा. तुमच्या गावात किंवा जवळच्या शहरात ज्या पिना वर्षभर मिळतील, त्या ज्या गनमध्ये चालतात ती गन घ्या. २१ गेजच्या, ०.८ मिमीच्या पिनाही बाजारात असतात. त्या २३ च्या गनमध्ये घातल्या तर अडकतात आणि पातं वाकतं. पाकिटावर ०.६ किंवा ०.६४ मिमी लिहिलेलं वाचूनच घ्या.

धागाकर्ती

तुम्हा तिघांचेही मनापासून आभार. बाबांना सगळं वाचून दाखवलं. पिन फक्त फेविकॉल सुकेपर्यंत धरते, हे त्यांना लगेच पटलं. म्हणाले, मग आपले डोकं तोडलेले खिळे तरी वेगळं काय करत होते.

त्यांनी एक शंका काढली आहे. काचेच्या दारांत काच धरणारी पट्टी आम्ही चिकटवत नाही, कारण काच फुटली तर पट्टी काढून नवीन काच घालायची असते. मग तिथे फेविकॉल नाही आणि पिनेला पकड नाही. अशा वेळी काय करायचं? आणि काचेला इतक्या जवळून गन मारणं कितपत बरं?

प्रतिसाद (कुडाळ)

बाळ, बाबांनी बरोबर जागा पकडली. मी शोकेसचंच काम करतो, म्हणून सांगतो.

काचेच्या पट्टीला पिन चालते, उलट तिथे ती १८ गेजपेक्षा बरी. काच पुढच्या चौकटीला टेकलेली असते, पट्टीवर ओढ जवळपास नसते, ती फक्त काचेला मागे येऊ देत नाही. २५ मिमीची पिन घ्या, पट्टीतून चौकटीत तिरकी जाऊ द्या, म्हणजे काचेपासून दूर जाणारी. एक पिन एका बाजूला झुकलेली, पुढची दुसऱ्या बाजूला. साधारण वीत-वीत अंतरावर एक. कोपऱ्यापासून दीड-दोन इंच सोडून सुरुवात करा. पुढे कधी काच बदलायची वेळ आली तर पातळ पटाशी पट्टीच्या मधल्या भागाखाली घालून हळूच उचला. पिनेला डोकं नाही, म्हणून पट्टी न फुटता पिनेवरून सुटते आणि पिना चौकटीतच राहतात. त्या पक्कडीने धरून दोनदा इकडे-तिकडे वाकवल्या की मुळाशी तुटतात. पट्टी परत तीच वापरता येते. १८ गेजचा खिळा डोक्यासकट पट्टी फोडून बाहेर येतो.

काचेचा धोका आहे आणि तो टाळता येतो. काचेवर पातळ पुठ्ठा ठेवायचा, गनचं नाक पुठ्ठ्यावर टेकलं तरी चालेल, काचेवर नाही. गन काचेकडून चौकटीकडे झुकलेली. आणि दाब आधी चौकटीच्या तुकड्यावर ठरवून घ्यायचा. पिन अर्धवट राहिली आणि दुसऱ्यांदा त्याच जागी मारायला गेलं की काच तडकते. अर्धवट राहिलेली पिन कापून टाका आणि शेजारी दुसरी मारा.

आणखी एक, हे कुणी लिहिलं नाही. बऱ्याच पिन गनना पुढे दाबल्याशिवाय न चालणारं सुरक्षेचं नाक नसतं. नाक बारीक ठेवायचं म्हणून ते काढलेलं असतं आणि त्याऐवजी दोन ट्रिगर किंवा नुसती एक कडी असते. म्हणजे गन हवेतसुद्धा पिन सोडते. पिना भरताना, अडकलेली काढताना, चहाला उठताना नळी काढून ठेवायची. कारखान्यात लहान मुलं येत असतील तर यात हयगय नको. घ्यायला जाल तेव्हा दोन ट्रिगरवालीच मागा.

प्रतिसाद (पुणे)

काकांनी काचेचं छान सांगितलं. मी भोक भरण्याबद्दल राहिलेलं लिहितो. भुसा-फेविकॉल बंद करा. २३ गेजचं भोक बरेचदा भरावंच लागत नाही, सीलर आणि पॉलिशच्या हातांतच बुजतं. दिसलंच तर पॉलिशचा पहिला हात झाल्यावर लाकडी रंगाचं मेण बोटाने घासून घालायचं. तेव्हा लाकडाचा खरा रंग समोर असतो, म्हणून रंग जुळवता येतो. पॉलिशच्या आधी भराल तर अंदाजाने रंग धराल आणि तो चुकेल. मेणावर पुढचे हात पीयूचे (पॉलियुरेथेन पॉलिशचे) असतील तर आधी एका तुकड्यावर करून बघा, सगळी पीयू मेणावर सारखी बसत नाहीत.

आणि शक्यतो पिन पट्टीच्या गडद रेषेत मारा. सागात त्या रेषा ठळक असतात. तिथे गेलेली पिन निरांजनाच्या उजेडातही सापडणार नाही.

४५ च्या कोपऱ्यात पिन मारायचा मोह टाळा. दोन्ही तोंडांना फेविकॉल लावा, मास्किंग टेप आडवी ताणून चिकटवा, आणि पहिली पिन कोपऱ्यापासून इंचभर आत. टेपच कोपरा घट्ट धरते. तिथे फटीत पिन घातली तर फट उघडते.

धागाकर्ती

काका, काचेचं उत्तर बाबांनी दोनदा वाचायला लावलं. तिरकी पिन आणि पुठ्ठा, दोन्ही त्यांना पसंत आहे.

ठरलं असं: हवेवरचीच गन, ३५ मिमीपर्यंतची, दोन ट्रिगरची, आणि पिना संपल्या की अडणारी मिळाली तर तीच. बजेट थोडं वाढवते, त्यात फिल्टर आणि रेग्युलेटरही बसवते. पिना स्टेनलेसच्या, फक्त १८ आणि २५ मिमी. गणपतीच्या आधीच्या ऑर्डरी हातात आहेत, त्यामुळे आधी टाकाऊ सागावर आणि एका जुन्या शोकेसच्या दारावर मारून बघणार, मगच चौकटीला हात लावणार.

आता एकच मदत हवी. स्टेनलेसच्या ०.६ मिमीच्या पिना रत्नागिरीत दुकानदार मागवून देतो म्हणतो, पण एकदम मोठी पेटी घ्यावी लागेल. कोल्हापूर किंवा पुण्यात १८ आणि २५ मिमीच्या सुट्या डब्या कुठे मिळतात, कुठल्या पेठेत शोधावं, हे कुणाला माहीत असेल तर कृपया लिहा. पुढच्या आठवड्यात भाऊ कोल्हापूरला जाणार आहे, तेव्हा आणायला सांगते.